अटॅचमेंटला मी नक्की कोण म्हणून जाणार?

सर,

मी कोपरखैरण्याला राहतो. ठाण्यातल्या एका कॉलेजात एसवायबीएस्सी झालं, एनसीसीचं दुसरं वर्षही झालं. आर्मी विंग, सिनियर डिव्हिजन. बी सर्टिफिकेटची परीक्षा दिली आहे. आमच्या बटालियनमधून मे महिन्यातल्या आर्मी अटॅचमेंट कॅम्पसाठी नावं गेली, त्यात माझं आहे. इन्फंट्रीच्या युनिटबरोबर साधारण दोन आठवडे.

बाबा एपीएमसीच्या फळ मार्केटात माथाडी आहेत. एप्रिल-मेमध्ये मी तिथल्याच एका गाळ्यावर हिशेब लिहायला बसतो, त्यातून वर्षाची फी निघते. बाबा म्हणतात, सीझन सोडून फुकट राबायला कशाला जातोस, नोकरी देणार आहेत का? आमचं गाव साताऱ्याकडे. चुलते हवालदार म्हणून रिटायर झालेत. वाटलं, ते तरी माझ्या बाजूने बोलतील. तर ते म्हणाले, सरळ अग्निवीरची भरती दे, ऑफिसर होणं आपल्या घराला झेपणारं नाही, आणि जवानांत असा अधांतरी जाऊ नकोस, हसतील तुला.

तेच डोक्यात बसलंय. अमेरिकेतले कॅडेट उन्हाळ्यात खऱ्या युनिटमध्ये जाऊन प्लाटून सांभाळतात, असे व्हिडिओ मी पाहिलेत. आपल्याकडे तसं असतं का? मी तिथे ऑफिसर नाही, जवानही नाही. हिंदी कच्चं, इंग्रजी त्याहून कच्चं. फॉर्मवर पालकांची सही लागते. आईची घेतली तर चालेल का?

– एक कॅडेट, कोपरखैरणे

प्रिय कॅडेट,

जा. आता बाकीचं सावकाश बोलू.

आधी ते व्हिडिओ, कारण निम्मा घोळ त्यांनीच घातलाय. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आरओटीसी म्हणून व्यवस्था आहे, १९१६ पासूनची. तिथली बरीच मुलं लष्कराशी करार करतात, शिष्यवृत्ती घेतात आणि पदवी मिळाली की सेकंड लेफ्टनंट होतात. शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला त्यांचा मोठा कॅम्प असतो. त्यातल्या काही जणांना पुढे तीन-चार आठवडे चालू युनिटमध्ये धाडतात. त्याचं नाव कॅडेट ट्रूप लीडर ट्रेनिंग. तिथे कॅडेट प्लाटून लीडरच्या जोडीला उभा राहून ते काम करून बघतो आणि वरिष्ठ त्याच्या कामाचं मूल्यमापन करतात. वर्षभरात त्याला खरोखरच त्या जागी उभं राहायचं असतं, म्हणून ही रंगीत तालीम.

तुझं तसं नाही. आपली एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. त्यात कॅडेटवर सैन्यात जाण्याचं बंधन नाही, आणि सैन्यावरही त्याला घेण्याचं नाही. तुझ्या ताब्यात कोणी प्लाटून देणार नाही, आणि देत नाहीत तेच बरं.

शिवाय आपल्या इन्फंट्रीत प्लाटूनची मांडणीच निराळी. रायफल कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन. सेक्शन हवालदाराकडे, कंपनी मेजरच्या आसपासच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे, आणि मधली प्लाटून बहुतेक वेळा जेसीओकडे (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), म्हणजे नायब सुभेदार किंवा सुभेदाराकडे. जेसीओ ही पायरी अमेरिकन सैन्यात नाहीच. हा माणूस शिपाई म्हणून भरती झालेला असतो आणि एकेक फीत कमावत वर आलेला असतो. अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट युनिटमध्ये दाखल होतो, तेव्हा त्याच्यापुढे असे सुभेदार साहेब उभे असतात. ते त्याला सॅल्यूट करतात, त्याचा हुकूम मानतात, आणि त्याच वेळी त्याला हळूहळू घडवतही असतात. कुठे थांबायचं, कोणत्या जवानाला सगळ्यांसमोर बोलायचं नाही, कोणाचं घरी काय बिनसलंय, हे त्या पोराला कोणत्याही अकादमीत शिकवलेलं नसतं.

या दोघांमधला व्यवहार डोळ्यांनी बघणं, हेच तुझं दोन आठवड्यांचं काम. बाकी सगळं वरकड आहे. फायरिंगसुद्धा.

मी कॉलेजात शिकवत असताना एएनओ, म्हणजे एनसीसी बघणारा कॉलेजातलाच शिक्षक, म्हणून एनसीसीची तुकडी सांभाळली. कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन आम्ही मास्तर लोक खांद्यावर तारे लावतो, तेव्हा हा 'अधांतरी'पणा मलाही चांगला ठाऊक आहे. अटॅचमेंटहून परतलेली पोरं पहिला आठवडा फक्त फायरिंगचं बोलायची. कॉलेजात पॉइंट टू टू रायफलवर हात बसलेला, आणि तिथे इन्सास खांद्याला लावली की पहिल्या धक्क्यालाच डोळे मोठे. मग लंगरातल्या जेवणाच्या गप्पा. पोटातलं खरं बाहेर यायला महिना जायचा. कळव्याचा एक मुलगा असाच महिन्याभराने स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, सर, तिथला लेफ्टनंट माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल. एका जवानाच्या भावकीने बांध सरकवला होता, तर हा त्याच्या जिल्ह्याच्या कलेक्टरांना पत्र लिहीत बसला होता, आणि सुभेदार साहेब शेजारी उभे राहून गट नंबर सांगत होते. मला वाटायचं ऑफिसर म्हणजे नकाशा आणि पिस्तूल.

तो मुलगा सैन्यात गेला नाही. इतक्या माणसांची घरं डोक्यावर घेऊन झोपणं मला जमणार नाही, असं त्याने सरळ सांगितलं. आज बँकेत आहे, मजेत आहे. त्याची अटॅचमेंट वाया गेली असं मला कधीच वाटलं नाही. एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, चार खेपा घालून हेच कळण्यापेक्षा दोन आठवड्यांत कळलं.

आता 'हसतील' याबद्दल. हसतीलच. तुझं टर्नआउट बघून हसतील, सॅल्यूट बघून हसतील, रायफल साफ करताना पुल-थ्रू, म्हणजे नळी पुसायची दोरी, अडकवून बसलास तर पोट धरून हसतील. हसू दे. दिवस उजाडायच्या आत पीटीला फॉल-इन, मग वेपन ट्रेनिंग, दुपारी साफसफाई, संध्याकाळी गेम्स, रात्री रोल कॉल, या चक्रात जो कॅडेट खाली मान घालून सगळं करतो त्याच्यावरचं हसणं दोन-तीन दिवसांत ओसरतं. ज्याच्यावरचं ओसरत नाही तो एकच नमुना असतो: आपण एसयूओ, म्हणजे कॅडेटांतले सर्वांत वरचे, आहोत, एनसीसीच्या वार्षिक कॅम्पात बेस्ट कॅडेट होतो, आणि पुढच्या वर्षी तुमचे साहेब होऊन येणार, असं लंगराच्या रांगेत सांगणारा. तो तू होऊ नकोस. आणि पत्रावरून तरी होणार नाहीस.

कोणाला काय म्हणायचं तेही सांगून ठेवतो, कारण मुलं इथेच पहिल्या दिवशी अडखळतात. अधिकाऱ्यांना 'सर'. जेसीओंना 'साहब', सुभेदार साहब, सुभेदार मेजर असतील तर एसएम साहब. त्यांना 'सर' म्हटलंस तर कोणी रागावणार नाही, पण साहब म्हणणारा पोरगा घरचं वळण घेऊन आलाय हे लगेच लक्षात येतं. शिकवणारा नायक असो की हवालदार, तो 'उस्ताद'. तुला ते कॅडेट म्हणतील किंवा आडनावाने हाक मारतील. एखादा चेष्टेत 'आओ साहब' म्हणाला तर तूही हस आणि पुढे हो.

हिंदीचं मनावर घेऊ नकोस. फौजेतलं हिंदी हे केरळच्या, नागालँडच्या, हरियाणाच्या माणसांनी मिळून चालवलेलं हिंदी आहे, त्यात कोपरखैरण्याचं सहज खपून जातं. योगायोगाने मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन मिळाली, तर 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' कानावर पडेल आणि निम्मं बोलणं मराठीतच होईल. इंग्रजी मात्र तुला पुढे लागणार आहे. ते अटॅचमेंटसाठी नको, त्यानंतरच्या वर्षात रोज थोडं थोडं कर.

बघायचं काय, हे नेमकं सांगतो. रोल कॉलला सुट्टीचा विषय निघाला की कान उघडे ठेव. कोणाला मिळाली, कोणाला नाही आणि नाही मिळाली ते कोणी कोणत्या शब्दांत सांगितलं. कंपनी हवालदार मेजर दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्या लावतो, तेव्हा जवळपास रेंगाळ. लांब मार्चनंतर जवानांचे पाय कोण बघतं? पीटीला अधिकारी स्वतः धावतो की घड्याळ धरून उभा असतो? कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, संध्याकाळी हत्यारं जमा होताना मोजदाद कशी चालते आणि एखादा आकडा जुळला नाही तर सगळ्यांचे चेहरे कसे होतात, तेही बघ. गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्या मुलाला यातलं बरंच काही लगेच समजेल. कच्ची वही आणि पक्की वही यांतला फरक तुला ठाऊक आहे, आणि हा तुझा फायदा आहे, कमीपणा नाही.

चुलत्यांकडे येतो. त्यांनी जे पाहिलं तेच ते बोलले. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जवान दिले, आणि साहेब बहुतेक वेळा दुसऱ्याच घरातून आला. भरतीचा सल्ला वाईट नाही, त्यात तुझा अपमानही नाही, आणि सी सर्टिफिकेटचा फायदा त्याही वाटेवर मिळतो. पण 'आपल्या घराला झेपणारं नाही' हे त्यांनीच तपासून बघावं. डेहराडूनला आर्मी कॅडेट कॉलेज आहे. तिथे नोकरीतले जवानच निवडून घेतात आणि शिकवून पुढे इंडियन मिलिटरी अकादमीत पाठवतात. इतकी नोकरी झालेल्या हवालदाराने असा एकही साहेब पाहिला नसेल, हे मला पटत नाही. फोन कर आणि विचार. वाद घालायला नको. एवढंच विचार की काका, तुमच्या सगळ्या नोकरीत चांगला साहेब कोण भेटला, आणि तो चांगला का? मग वाईट कोण, तेही. तासभर बोलतील. अटॅचमेंटआधीची याहून चांगली तयारी मला तरी माहीत नाही, आणि बोलता बोलता त्यांचा विरोधही थोडा सैल होईल.

वाट कोणती, तेही स्पष्ट असू दे. तिसरं वर्ष संपताना सी सर्टिफिकेट. त्यात किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले की एनसीसी स्पेशल एन्ट्रीसाठी अर्ज करता येतो. वय १९ ते २५, अविवाहित. वर्षातून दोनदा जागा निघतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही अटींसह अर्ज करता येतो. यूपीएससीची लेखी परीक्षा नाही, अर्ज छाननीत टिकला की थेट एसएसबी. पाच दिवसांची ती चाळणी पार झाली, मेडिकल झालं आणि गुणवत्ता यादीत नाव लागलं, तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवडे. तिथे महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन असतं. हा आकडा बाबांना जरूर सांग, पण आणखी तीन दारं ओलांडल्यावरचा आहे हेही सांग. पुढे शॉर्ट सर्व्हिस कमिशन, दहा वर्षांचं, चार वर्षं वाढवता येणारं. लेखी परीक्षेची तयारी असेल तर सीडीएस ही यूपीएससीची परीक्षाही दे, इंडियन मिलिटरी अकादमीच्या काही जागा सी सर्टिफिकेटवाल्यांसाठी राखीव असतात.

अटॅचमेंटला गेलास म्हणून एसएसबीत कोणी मार्क वाढवत नाही. पण मुलाखतीआधी तुझ्याकडून जो माहितीचा फॉर्म भरून घेतात, त्यात एनसीसीचा रकाना असतो, आणि मुलाखत घेणारा अधिकारी त्यावर बोट ठेवतोच. काय केलंस तिथे? याला 'सर, खूप काही शिकायला मिळालं, शिस्त कळली' असं उत्तर देणारे त्याला सकाळपासून भेटलेले असतात. जमा-खर्च न जुळल्याने कोतबाहेर उभी राहिलेली कंपनी ज्याने पाहिली आहे, त्याला पाठ केलेलं काही लागत नाही.

एसएसबीच्या तयारीसाठी क्लासवाल्यांना हजारो रुपये मोजायच्या आधी नाशिकरोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र लक्षात ठेव. राज्य शासनाचं आहे, राहणं-जेवण-शिकवणं मोफत. सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेडने मिळवलेल्या आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाने एसएसबीसाठी शिफारस केलेल्या मुलांना तिथल्या एसएसबी वर्गाला प्रवेश मिळतो. आधी मुलाखत असते. चौकशी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कर. तुमच्याकडच्या किती मुलांना हे माहीतच नसतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

आता पैशांचं. बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्याला देशभक्तीचं उत्तर देऊ नकोस. 'नोकरी देणार आहेत का?' याचं खरं उत्तर 'नाही' असं आहे. तेच दे. मग हिशेब मांड. जाण्यायेण्याचा आणि जेवणाखाणाचा भार तुझ्यावर नाही, म्हणजे खर्च तो गाळ्यावरच्या दोन आठवड्यांच्या पगाराचा. कॅम्पच्या नक्की तारखा एएनओंकडून आजच घे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर फटका मोठा, कारण तेव्हा हापूसच्या गाड्या थांबायचं नाव घेत नाहीत. शेवटच्या आठवड्यात असेल तर कोकणचा माल तसाही ओसरत आलेला असतो आणि जुन्नरचा अजून रांगेत असतो. शेठना आधीच सांग, आणि नुसतं सांगू नकोस, बदली माणूस घेऊन जा. चुलतभाऊ, शेजारचा अकरावीतला पोरगा, कोणीही, ज्याला पेट्या मोजून लिहिता येतं. चार रात्री त्याला शेजारी बसवून शिकव. सीझनमध्ये माणूस अचानक गायब झाला की शेठ चिडतो. आठवडाभर आधी, बदलीसकट सांगितलं तर बहुतेक शेठ मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी जागाही ठेवतात.

सही. पालक म्हणून आईची सही कागदावर चालते, त्यामुळे नियमाचं उत्तर हो असं आहे. पण बाबांना न सांगता घेतलीस तर तू दोन आठवडे तिकडे असशील आणि घरातलं सगळं आईला एकटीने झेलावं लागेल. ते तिच्यावर टाकू नकोस. घरी, जेवताना, सगळ्यांसमोर विषय काढू नकोस, तिथे त्यांना नाहीच म्हणावं लागेल. पहाटे मार्केटात जा. गाड्या खाली झाल्या, टोळी चहाला बसली की बाबांना जरा बाजूला घे. तारखा, बदली, फीची तूट किती आणि ती जूनमध्ये कशी भरणार, या चार गोष्टी सांग आणि गप्प बस. फॉर्म खिशात असू दे, पण लगेच पुढे करू नकोस. एक दिवस जाऊ दे.

आणि तारखा ऐन हंगामातल्या निघाल्या, फीची सोय खरंच होत नसेल, तर यंदा नाव मागे घे. मला ते आवडणार नाही, पण घराला टोचणी लावून जाण्याइतकं ते मोठं नाही. अटॅचमेंट नाही झाली म्हणून सी सर्टिफिकेट अडत नाही. त्याला लागणारे कॅम्प इतर मार्गांनीही भरतात, तुझा हिशेब एएनओंकडून तपासून घे. मात्र नाव मागे घ्यायचं तर आत्ता घे. राखीव यादीत कोणीतरी बॅग भरून बसलेला असतो.

जाणार असशील तर तयारीचं थोडं. रोज सकाळी तुमच्याकडच्या निसर्ग उद्यानात धाव, फक्त शेवटचा आठवडा फौजी डीएमएस बूट घालून. नवे बूट कॅम्पमध्ये पहिल्यांदा घालणारा तिसऱ्या दिवशी एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, बाकावर सापडतो. आपल्याकडच्या दमट हवेत घाम लगेच समजतो. कोरड्या उन्हात तो जागीच वाळतो आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून पाणी घड्याळ लावून पी.

मोबाइल जमा करायला सांगितला तर कर. नाही सांगितला तरी आतले फोटो काढायचे नाहीत. युनिटचं नाव, ठिकाण, गाड्या, यातलं काहीही इन्स्टावर किंवा कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचं नाही, घरी परतल्यावरही नाही. वही ठेव. त्यात माणसांबद्दल लिही, हत्यारांबद्दल आणि जागांबद्दल नको.

मेडिकल फिटनेसचं सर्टिफिकेट शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस. आणि फॉर्म बटालियनला पाठवण्याआधी त्याची झेरॉक्स काढून स्वतःजवळ ठेव.